चोप कोणाच्या हाती, टाळ कोणाच्या हाती



स्मरणिकेच्या बैठकीत लेखांची वाटणी झाली, तेव्हा दिंडीची स्थापना, मुक्कामांची हकिकत, अन्नदाते, वैकुंठवासी मंडळी असे विषय ज्यांच्या त्यांच्या वाट्याला गेले. आमच्या वाट्याला आलं ते जरा अडचणीचं. वारीत पुढारपण कोणी कसं केलं, आणि त्या तऱ्हेमुळे वारीत नवं काय आलं, काय नीट चाललं आणि काय अडलं. अडचणीचं अशासाठी, की आपले चालक वयोमानाने थकले आहेत आणि पुढच्या माघ वारीच्या आत जबाबदारी कोणाकडे तरी द्यावी असं त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं आहे. घराण्यातच राहावी असं काहींचं म्हणणं. मंडळाने माणूस निवडावा असं काहींचं. बाईच्या गळ्यात वीणा द्यावी की नाही, हा प्रश्न तर दोन वर्षं बैठकीत निघतो आणि चहा आला की मिटतो. यावर निकाल देण्याचा अधिकार आमचा नाही. निकाल देणाऱ्यांच्या हाताशी मागची हकिकत असावी, एवढ्यासाठी हा लेख.

वारी जुनी आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या घराण्यातच ती होती असं परंपरा सांगते. पण पालखी, तिच्यापुढे दिंड्या, ठरलेले मुक्काम हे सगळं माणसांनी एकेक करून घडवलेलं आहे. आज ते इतकं अंगवळणी पडलं आहे, की जणू चंद्रभागेबरोबरच उगम पावलं असावं असं नव्या पिढीला वाटतं. तसं नाही. यातली एकेक गोष्ट कधी ना कधी कोणीतरी नवी म्हणून आणली, आणि आणताना कोणाच्या तरी कपाळावर आठी पडलीच असणार.

पालखीची मूळ कल्पना तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांची. 1685 साली त्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला नेल्या, तिथे माउलींच्या पादुका बरोबर घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. आज ज्या जोडनामावर आपली पावली पडते ते 'ज्ञानोबा-तुकाराम' याच सोहळ्यातून घट्ट झालं. बघा, यात नवेपणा केवढा आहे. दोन संतांमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर. एकाची समाधी आळंदीला, दुसऱ्याचं गाव देहू. त्यांना एका पालखीत बसवणं म्हणजे पुढच्या सगळ्या संप्रदायाला एक सूर लावून देणं. पित्याच्या मोठेपणावर बसून राहता आलं असतं. नारायण महाराजांनी तो मोठेपणा दुसऱ्या संताच्या पायाशी नेऊन ठेवला.

पण या सोहळ्याला पुढे मराठी राज्यकर्त्यांकडून इनामं मिळाली, सेवेबरोबर हक्क आला, आणि हक्क आला की वाटणी आलीच. देहूकर मोरे मंडळींत सेवेच्या हक्कावरून वाद झाले. यात कोणा एकाला दोष द्यायचा आमचा हेतू नाही. ज्या घरात जमीन आहे त्या घरात हे होतं, हे आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. सांगायचं इतकंच, की कल्पना पहिल्या पिढीची होती आणि पुढच्या पिढ्यांची ताकद ती कल्पना कोणाची हे ठरवण्यात खर्च होऊ लागली. माउलींचा स्वतंत्र सोहळा निघाला तो या पार्श्वभूमीवर.

तो काढला हैबतरावबाबा आरफळकरांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे हे पवार, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी चाकरीला होते. गावाकडे परतताना वाटेत लुटारूंनी धरून ठेवलं, हरिपाठाच्या बळावर सुटका झाली आणि उरलेलं आयुष्य माउलींच्या पायाशी घालवायचं ठरलं, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. 1832 च्या सुमारास त्यांनी आळंदीहून पंढरपूरला माउलींची पालखी नेण्याचा आजचा शिस्तशीर सोहळा सुरू केला. बेळगाव भागातल्या अंकलीचे शितोळे सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. माउलींचा तंबू, घोडे, नैवेद्य ही सेवा त्यांनी घेतली. आजही माउलींचे अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतात.

हैबतबाबा लष्करातले. त्यांनी सोहळ्यात काय आणलं ते पाहिलं की छावणीच आठवते. मुक्कामाची जागा ठरलेली, तिला आपण आजही तळच म्हणतो. निघताना कर्णा होतो तो तीन वेळा: पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला तयारी, तिसऱ्याला पाऊल. स्वाराचा अश्व जरीपटका घेऊन, माउलींचा अश्व रिकाम्या पाठीने. दिंड्यांना क्रमांक, रथापुढे सत्तावीस, बाकीच्या रथामागे. कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही, मधे घुसायचं नाही. 250 किलोमीटरच्या आसपासची वाट आणि अडीच-पावणेतीन आठवड्यांचा प्रवास. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. लाखो माणसं आज या रस्त्यावरून जातात आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा असा एक माणूस शोधू गेलात तर सापडत नाही. आमच्या मते हीच हैबतबाबांची खरी करामत.

नुसती शिस्त आणणं सोपं असतं. फौजेत शिस्त असतेच, पण हुकूम देणारा पडला की फौज पांगते. पानिपतची गोष्ट आपल्या पोरांनाही माहीत आहे. हैबतबाबांनी फौजेची शिस्त घेतली आणि हुकूम देणाऱ्याची जागा रिकामी ठेवली. माउलींच्या अश्वाच्या रिकाम्या पाठीकडे पाहताना आम्हाला दर वर्षी हेच सुचतं. सेनापती माउली, बाकी सगळे सेवेकरी. आणि सेवेची कामं त्यांनी अशी वाटली, की एकाच्या हातात सगळं कधीच येऊ नये. मालक एक, चोपदार वेगळे, अश्वाचे मानकरी वेगळे, देवस्थान वेगळं, दिंड्या आपापल्या जागी स्वतंत्र. मालकांनी दिंडीच्या पंगतीत काय वाढायचं ते सांगायचं नाही आणि दिंडीने रथ केव्हा हलवायचा ते ठरवायचं नाही.

भजनाचंही तसंच. आपल्याकडे भजनी मालिका बांधलेली आहे. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, वाराचे अभंग त्या त्या वारालाच, संध्याकाळी हरिपाठ. हे मोडायचं नाही. पण या चौकटीच्या आत अमुक अभंगाला चाल कोणती लावायची, पावली केव्हा धरायची, फुगडी केव्हा, कुठल्या चढावर आवाज वाढवायचा, हे विणेकऱ्याचं आणि टाळकऱ्यांचं. दिवे घाट चढताना कोणतीही दोन दिंड्या सारख्या वाजत नाहीत. चौकट एक आणि आतले रंग शेकडो. चौकट नसती तर शेकडो दिंड्यांचा गलका झाला असता. आणि चाल कोणती लावायची तेही वरून ठरवून आलं असतं, तर पन्नास वर्षांत हे सगळं कवायतीसारखं कोरडं पडलं असतं.

आणखी एक. क्रमांकाच्या व्यवस्थेमुळे सोहळा वाढू शकला. नवी दिंडी आली की ती मागे जोडली जाते, पुढच्यांना हलावं लागत नाही. पुढे सत्तावीस आहेत त्या सत्तावीसच राहिल्या, मागची शेपूट लांबत गेली. याची दुसरी बाजूही आहे. क्रमांक मिळावा म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या, विनाक्रमांक चालणाऱ्या दिंड्या आज किती आहेत ते वाटेवर दिसतंच. मागे चालणाऱ्याला पाणी मिळतं ते पुढच्याने ढवळलेलं. पुढच्यांनी हे विसरू नये.

आता आम्ही ज्यासाठी लेखणी हातात घेतली तिकडे येतो. तळावरची समाजआरती.

जे चाललेत त्यांना हे सांगायला नको, पण स्मरणिका शहरातली नातवंडंही वाचणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. संध्याकाळी पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या भोवती कडं करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार उंच जागी उभे राहून चोप वर करतात आणि 'हो' असा पुकारा देतात. एका क्षणात सगळं शांत. हजारो टाळ एकदम थांबतात. ही शांतता ज्याने ऐकली नाही त्याला ती शब्दांत कशी सांगावी! पण कधी कधी काय होतं, सगळे थांबतात आणि एका कोपऱ्यात एक दिंडी टाळ वाजवतच राहते. चुकून नव्हे, मुद्दाम. त्या दिंडीची काही तक्रार आहे. वाटेत कोणी मधे घुसलं, तळावर जागा मिळाली नाही, पाण्याच्या टँकरवरून बोलाचाली झाली, मानाला धक्का लागला. तक्रार असलेल्या दिंडीने टाळ थांबवायचे नाहीत, ही रीत आहे. मग चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातात, काय म्हणणं आहे ते विचारून घेतात, त्याची दखल घेतली जाते. दिंडीचं समाधान झालं की तिचे टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

यात काय काय आहे ते नीट पाहावं. तक्रार करायला कोणाच्या दारात जावं लागत नाही. चोपदार तक्रारीपाशी येतात. तक्रार सगळ्या समाजासमोर होते, त्यामुळे ती कानाआड करता येत नाही, आणि खोटीही सहसा करता येत नाही. ती त्याच दिवशी होते, रात्रभर मनात आंबत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती ऐकल्याशिवाय माउलींची आरती पुढे जात नाही. रथामागची सगळ्यात शेवटची, चाळीस माणसांची दिंडीसुद्धा हातातल्या टाळाने लाखोंचा सोहळा थांबवू शकते. चोपाचा अधिकार मोठा खरा. पण तो अधिकार टाळाने थांबतो, म्हणून टिकला आहे.

बाहेरच्या जगात, म्हणजे कारखान्यात, साखर संघात, बँकेत, आमच्यातल्या पुष्कळांनी नोकऱ्या केल्या. साहेबाच्या केबिनबाहेर तक्रारपेटी टांगलेली असायची. तिची किल्ली साहेबाकडेच! मग तीत कोण चिठ्ठी टाकणार? सुधारणेची एखादी चांगली कल्पना कामगाराच्या डोक्यात यायची आणि तिथेच राहायची. माणूस हुशार नव्हता असं नाही. त्याचा टाळ ऐकायला कोणी येणार नव्हतं.

दिंडीच्या आतली रचनाही हेच सांगते. बहुतेक दिंड्यांत सगळ्यात पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामागे मृदंग आणि वीणा, आणि मागे डोक्यावर तुळस, हंडा घेतलेल्या आयाबाया. म्हणजे ज्याच्या गळ्यात वीणा तो सगळ्यांच्या पुढे नसतो. समोरचे सगळे टाळकरी त्याला दिसतात. कोण दमलं, कोणाचा ताल सुटला, कुठल्या पोराला पुढे आणावं, हे त्याला मागून कळतं. लोक पाया पडतात ते वीणेच्या. ज्याच्या गळ्यात ती आहे तोही वाकून उलट नमस्कार करतो. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली की नमस्कारही तिच्याबरोबर जातो. हे ज्याला समजलं त्याच्या हातून दिंडी चालते. नमस्कार आपल्यालाच आहे असं ज्याला वाटू लागलं त्याच्या दिंडीत चांगले मृदंगी फार वर्षं राहत नाहीत. आजूबाजूच्या दिंड्यांत हे आम्ही पाहिलं आहे, नावं घेत नाही.

पुढारपणाची दुसरी तऱ्हा विष्णुबुवा जोग महाराजांची. पुण्याचे हे पहिलवान गडी. त्यांच्या आधी संप्रदायातलं शिकणं फडाफडांत होतं. वासकर, देहूकर असे मोठे फड; ज्याचा जो गुरू त्याच्यापाशी राहायचं, सेवा करायची, वर्षानुवर्षं ऐकून ऐकून तयार व्हायचं. त्यातून मोठी माणसं घडली, पण थोडी. खेड्यातल्या गरीब पोराला ज्ञानेश्वरी समजून घ्यायची तर त्याने जायचं कुठे? जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा क्रम, माधुकरी मागून जेवण, पाठांतर, ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन. त्या काळी हे सगळ्यांना रुचलं नसणार. कीर्तन काय शाळेत शिकवतात का, असं म्हणणारे तेव्हाही असतील. आमच्या लहानपणीसुद्धा म्हाताऱ्यांच्या तोंडी ते होतं.

जोग महाराज 1920 साली गेले. संस्था काढून अवघी तीन वर्षं झाली होती. एका माणसाच्या तेजावर चाललेलं काम असतं तर तिथेच संपलं असतं. पण त्यांनी शिष्यांना नुसतं चरणाशी बसवलं नव्हतं, शिकवायला उभं केलं होतं. सोनोपंत दांडेकर, म्हणजे आपले मामासाहेब, पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि वारीतही चालत राहिले. बंकटस्वामींनी मराठवाड्यात काम उभं केलं. संस्थेला शंभर वर्षं होऊन गेली. आज गावोगावच्या सप्ताहात कीर्तनाला उभे राहतात त्यातले किती जण आळंदीचे शिकलेले असतात ते वाचकांनी आपल्या गावापुरतं मोजून पाहावं. हैबतबाबांनी कामं वाटली, जोग महाराजांनी विद्या वाटली. आपल्यावाचून चालावं अशी सोय दोघांनीही हयातीतच करून ठेवली.

गाडगेबाबांची तऱ्हा आणखी वेगळी. ते दिंडीचे नव्हते, फडाचे नव्हते, कोणाला शिष्यही म्हणत नव्हते. हातात खराटा, डोक्यावर फुटकं गाडगं. कीर्तनात ते सांगत कमी आणि विचारत जास्त. समोरच्याच्या तोंडून उत्तर काढून घेत. पंढरीत वारीला आलेल्या गरिबांनी राहायचं कुठे, आणि अस्पृश्य मानलेल्यांनी तर कुठे, हा प्रश्न शेकडो वर्षं सगळ्यांना दिसत होता. उत्तर दिलं ते चिंध्या पांघरलेल्या या माणसाने. धर्मशाळा बांधल्या, आणि त्यात स्वतःसाठी एक खोली राखली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बांधलेलं असं सहज हातावेगळं करणारा माणूस आम्हाला दुसरा माहीत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. शताब्दीची स्मरणिका आहे म्हणून ती गाळणं बरं नाही. हैबतबाबांनी घालून दिलेली शिस्त थोर, पण तिच्या आत जी विषमता शिरली ती त्या शिस्तीने आपणहून बाहेर काढली नाही. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी लिहून ठेवलं की एकाच दिंडीत बरोबर चालणारी, बरोबर गाणारी माणसं जेवताना जातीजातीने वेगळी बसत होती. त्यांना ते खुपलं. ज्यांच्यासाठी तो रोजचा रिवाज होता त्यांना खुपत नव्हतं. टाळ वाजवून तक्रार करायची रीत होती खरी, पण ती दिंडीची. दिंडीच्या आत ज्याला वेगळ्या पंगतीत बसवलं त्याच्या हातात कोणता टाळ होता? आणि चोखोबांच्या वंशजांना तर महाद्वाराच्या आत पाऊल टाकायची बंदी. कितीही सुंदर व्यवस्था असली तरी ती बनवणाऱ्यांना जे दिसत नाही ते व्यवस्थेलाही दिसत नाही.

ते दार उघडलं मे 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणाने. आधी काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, लोकांशी बोलले, गावोगावची देवळं आणि पाणवठे खुले करायला सांगितले, आणि मग पंढरीत उपवासाला बसले. बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात. गुरुजींचं नाव सगळे घेतात, घ्यावंच. पण मठाचं दार उघडून देणारे तनपुरे महाराज हे संप्रदायाच्या आतले होते. त्या वेळी वारकऱ्यांतही दोन तट होते; आपल्याच माणसांत वाईटपणा येणार हे त्यांना दिसत नसेल असं नाही. बाहेरचा माणूस टाळ वाजवतो तेव्हा त्याला उभं राहायला आतून कोणीतरी चार हात जागा द्यावी लागते. पुढारपणाची ही तऱ्हा इतिहासात फार लिहिली जात नाही, कारण जागा देणारा व्याख्यान देत नाही.

घराण्याच्या हक्काचा प्रश्न पंढरीत पुढेही चालला. 1973 साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, बडवे आणि उत्पात मंडळींचे वंशपरंपरागत हक्क त्याने काढले, मग कोर्ट, अपील असं करत जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. चाळीस वर्षं! आणि त्यानंतर काही महिन्यांतच मंदिर समितीने पूजेच्या सेवेसाठी सर्व जातींतून, स्त्रियांतूनही अर्ज मागवले. जी गोष्ट शतकानुशतकं सुचली नाही किंवा सुचू दिली नाही, ती एवढ्या लवकर झाली.

यावरून 'घराणं वाईट, निवडणूक चांगली' असा सरळ हिशोब कोणी करू नये. निवडणुका आम्ही सोसायटीच्या आणि साखर कारखान्याच्याही पाहिल्या आहेत. चोपदारीही परंपरेनेच चालते, आरफळकरांचा मानही, शितोळ्यांची सेवाही; आणि ती उत्तम चालते. फरक कुठे आहे? चोपदारांच्या समोर दर संध्याकाळी टाळ वाजू शकतो. जिथे हक्क आहे आणि त्याच्यासमोर टाळ नाही, तिथे कालांतराने देव मागे पडतो आणि हक्क पुढे येतो. चालक मुलगा असो, पुतण्या असो की मंडळाने निवडलेला असो, आम्ही आधी हे विचारू, की त्याला थांबवायची रीत काय आहे.

आणि तातडीचा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा रीतच कामाला येते, हे 2020 साली दिसलं. करोनाच्या साथीत पायी सोहळा झाला नाही. माउलींच्या पादुका मोजक्या मंडळींसह एसटी बसने पंढरीला गेल्या; 2021 लाही तसंच. दीडशेहून अधिक वर्षांचा नेम मोडला असं म्हणून रडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, आम्हीही त्यातलेच. पण तेव्हा देवस्थानं, मालक, दिंडीवाले, सरकार यांनी बसून जे ठरवलं ते सगळ्यांनी पाळलं. हट्ट धरून गर्दी जमली असती तर गावोगावच्या आजारपणाचं पाप कोणाच्या माथी आलं असतं? पादुका पोचल्या, एकादशी साधली. नेमातलं काय सोडता येतं आणि काय सोडता येत नाही, हे त्या वर्षी सगळ्यांना एकत्रच समजलं. गेल्या काही वर्षांत निर्मल वारीच्या नावाने तळांवर फिरती शौचालयं आली, तीही आधी कोणाला फारशी पटली नव्हती. आज तळ सोडताना मागे काय राहतं हे ज्यांनी पूर्वी पाहिलंय त्यांना विचारा. आयाबायांना विचारा, त्या अंधाराची वाट पाहत कशा दिवस काढायच्या ते.

आता आपल्या दिंडीकडे येऊ. शंभर वर्षांत दिंडीचा सगळा कारभार विणेकरी, कोठीवाले, भिशीचा हिशोब ठेवणारे, तंबूवाले आणि ट्रकवाले अशा चार-पाच जागांवर वाटला गेला आहे, आणि तो नीट चालला आहे. आमच्या समजुतीने पहिल्या बुवांनी हैबतबाबांची रीतच उचलली: हिशोबाची वही चालकाच्या तंबूत राहायची नाही, कोठीवर राहायची, कोणीही उघडून पाहायची. ही साधी गोष्ट वाटते. पण या वहीमुळे दिंडीत पैशावरून फूट पडली नाही, आणि या वहीमुळेच बाहेरगावचे अन्नदाते पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

भजनाच्या बाबतीत मात्र आपण मागे पडलो आहोत, हे लिहिणं भाग आहे. नव्या टाळकऱ्यांना चाल सुचवायची मुभा होती ती हळूहळू गेली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घाटात जी चाल वाजायची तीच वाजते, आणि गावातली चांगल्या गळ्याची पोरं शेजारच्या दिंडीत जातात. त्यांना विचारलं तर ती अदबीने म्हणतात, बाबा, तिकडं वाजवू देतात. चालक आणि मंडळ दोघांनी हे ऐकावं. आयाबायांचंही तसंच. त्या तुळस डोक्यावर घेऊन वीणेच्या मागे चालतात, हरिपाठ पुरुषांपेक्षा पाठ त्यांचा जास्त, पण बैठकीत त्या पलीकडे पंगतीच्या तयारीत असतात. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून इतकी लांबची वाट चालत पंढरीला येते, जनाबाईंची जागा नामदेवरायांच्या घरात आहे, बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू केलं. आणि आपल्या बैठकीत त्यांच्या लेकींचं म्हणणं चहाबरोबर संपतं.

म्हणून स्मरणिका समितीतर्फे आम्ही मंडळापुढे एक मागणी ठेवतो. माघ वारीआधी जी बैठक होईल ती कार्यालयात घेऊ नये. दिंडी उभी करावी, टाळकऱ्यांच्या रांगा लावाव्यात, आयाबायांना टाळ द्यावेत. चालकांनी वीणा घेऊन मधे यावं, चोप म्हणून काठी वर करावी. ज्यांचे टाळ थांबणार नाहीत त्यांच्यापाशी चालकांनी स्वतः चालत जावं आणि काय म्हणणं आहे ते विचारावं. कितीही वेळ लागो. नंतर नवा चालक ठरवावा. त्या दिवशीचं जेवण आमच्याकडे.